‘इतर किरकोळ सामान’

*पत्राचा सारांश:* पुण्याजवळच्या एका उपनगरातून एका ताईंनी लिहिलं आहे. वय 44. पतीचं छोटं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप होतं. त्यासाठी दोघांच्या नावावरचा वन बीएचके फ्लॅट एका सहकारी बँकेकडे गहाण ठेवून कर्ज काढलं. धंदा बसला, हप्ते थकले. बँकेच्या नोटिसा येत राहिल्या, पण पतीने त्या घरात कुणाला दाखवल्या नाहीत. ताईंच्या आईच्या तेराव्यासाठी सगळे माहेरी गेले असताना बँकेचे अधिकारी, तहसील कचेरीची माणसं आणि पोलीस आले. त्यांनी कुलूप तोडून ताबा घेतला आणि दाराला सील लावलं. त्याला 19 दिवस झाले. आता हे चौघं दिरांच्या घरी राहतात.

आत काय राहिलं, ते ताईंनी पानभर लिहिलं आहे: शिलाई मशीन आणि पिको मशीन, गिऱ्हाइकांचे 14 ब्लाउज (त्यातले तीन एका लग्नघराचे), मापांची वही, मुलाची दहावीची गुणपत्रिका, सासूबाईंची रक्तदाबाची औषधं, देव्हारा, कपाटातलं मंगळसूत्र आणि माहेरच्या दोन पाटल्या, गॅलरीतली तुळस. वसुलीचा माणूस फोनवर म्हणाला, “थकबाकी भरा, मग सामान न्या.” दीर म्हणतात, रात्री जाऊन कुलूप तोडू, सामान आपलंच आहे. ओळखीचे एक गृहस्थ सांगतात, सहकारी बँकेला असा ताबा घेताच येत नाही. ताई शेवटी विचारतात, “कर्ज आम्हीच बुडवलं. आता सामान कोणत्या तोंडाने मागायचं?”

---

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या शेवटच्या ओळीशी थांबले. म्हणून उत्तराची सुरुवात तिथूनच करते.

मी 31 वर्षं बँकेत नोकरी केली. त्यातली शेवटची सहा वर्षं वसुली विभागात होते. तुमच्या दाराशी जशी माणसं आली, तशाच पथकात मीही जायचे. एका घरात आम्ही शिरलो तेव्हा ओट्यावर मटकी भिजत घातलेली होती. मोड यायला लागले होते. आमच्या माणसाने यादी केली: लोखंडी कपाट 1, टीव्ही 1, फ्रिज 1, पलंग 2, इतर किरकोळ सामान. पंचांनी सह्या केल्या, मीही केली. दोन महिन्यांनी त्या घरातल्या बाई मुलाच्या उपचारांच्या कागदांची फाइल मागायला आल्या. फाइल सापडली नाही. यादीत ती नव्हती, म्हणून कागदोपत्री ती कधी नव्हतीच. ‘इतर किरकोळ सामान’ या तीन शब्दांत ती फाइल गेली होती, आणि त्या शब्दांखाली माझी सही होती. अजून ते मनातून जात नाही. तुमचं पत्र वाचताना पुन्हा तेच घर डोळ्यांपुढे आलं.

म्हणून स्पष्ट सांगते. तुम्ही बँकेपुढे पदर पसरत नाही आहात. जे कधी गहाण ठेवलंच नव्हतं, ते परत मागता आहात.

गहाणखत काढून बघा. तुमच्याकडची प्रत घरातच अडकली असेल, तर दस्त नोंदवलेला असल्यास दुय्यम निबंधकाच्या कचेरीतून नक्कल मिळते. नाहीतर बँकेकडेच प्रत मागा. त्याच्या परिशिष्टात काय लिहिलेलं असतं? फ्लॅट क्रमांक, मजला, क्षेत्रफळ, इमारतीचं नाव, चतुःसीमा. पातेली, पाटल्या, पिको मशीन यांतलं काहीही त्यात नसतं. बँकेने ज्या कायद्याखाली ताबा घेतला तो 2002 चा सरफेसी कायदा. त्याचं कलम 13(4) बँकेला ‘तारण मालमत्तेचा’ ताबा घेऊ देतं. तारण म्हणजे करारात तारण म्हणून लिहिलेली वस्तू. घर तारण असेल तर घर. घरात योगायोगाने असलेली प्रत्येक वस्तू त्यामुळे तारण होत नाही. कर्ज तुमच्यावर आहे हे खरं, ताबा कायद्याने घेतला असेल हेही खरं. पण या दोन्ही गोष्टींमुळे तुमचं शिलाई मशीन बँकेचं झालेलं नाही.

एक गोष्ट मात्र तपासायला हवी. धंद्याच्या कर्जात यंत्रं किंवा कच्चा माल ‘नजरगहाण’ (म्हणजे वस्तू कर्जदाराकडेच, पण बँकेकडे तारण) लिहून घेण्याची पद्धत आहे. कर्जाच्या मंजुरीपत्रात तारणाची यादी असते, ती वाचा. वर्कशॉपमधलं वेल्डिंग मशीन त्यात असू शकतं. तुमची शिलाईची मशिनं त्यात असण्याची शक्यता फार कमी आहे, पण मनाचं समाधान होण्यापुरतं तरी डोळ्यांनी बघून घ्या. फ्रिज किंवा टीव्ही दुसऱ्या एखाद्या कंपनीच्या हप्त्यांवर घेतलेला असेल, तर तो हिशेब तुमचा आणि त्या कंपनीचा. या बँकेचा त्याच्याशी संबंध नाही.

“थकबाकी भरा, मग सामान न्या” हे तुम्हाला फोनवर सांगितलं गेलं. कागदावर लिहून दिलं का? दिलं नसणार. मागा, म्हणजे कळेल. घर विकून कर्ज पूर्ण फिटलं नाही, तर उरलेल्या रकमेसाठी बँकेला कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे किंवा सहकार निबंधकासारख्या दुसऱ्या सक्षम यंत्रणेकडे जावं लागतं. तिथे आदेश व्हावा लागतो, मग तिथला वसुली अधिकारी इतर मालमत्तेची जप्ती करू शकतो. ही वेगळी आणि लांबची वाट आहे. घराच्या किल्ल्या हातात आल्या म्हणून मधल्या पायऱ्या गाळता येत नाहीत.

त्या लांबच्या वाटेवरही सगळं जप्त होत नाही. 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या 60व्या कलमात जप्तीतून वगळलेल्या वस्तूंची यादी आहे. कर्जदार, त्याची बायको आणि मुलं यांचे गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण त्यात येतं. धर्माच्या रीतीप्रमाणे बाईला अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिने येतात. कारागिराची अवजारंही येतात. म्हणजे तुमचं मंगळसूत्र आणि तुमची शिलाई मशीन. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी हे कलम लिहिणाऱ्यांनाही एवढं कळत होतं, की माणसाचं कर्ज वसूल करायचं असेल तर त्याच्या चुलीला आणि हाताच्या कामाला हात लावू नये. माहेरच्या पाटल्या हे तुमचं स्त्रीधन आहे. स्त्रीधनावर मालकी फक्त बाईची, हे सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्येच स्पष्ट केलं आहे. कर्जावर सहकर्जदार म्हणून तुमची सही असणार, त्यामुळे पाटल्यांना कायमची आणि संपूर्ण ढाल आहे असं मी म्हणणार नाही. पण आज त्या कुलपाआड ठेवून घ्यायचा अधिकार बँकेला नाही, एवढं ठामपणे म्हणेन.

आता भावोजींच्या बेताबद्दल. त्यांचा राग मला समजतो. तरीही ताई, तसं करू देऊ नका. तुम्ही लिहिलंय की तहसील कचेरीची माणसं आणि पोलीस बरोबर होते. म्हणजे बँकेने कलम 14 खाली जिल्हा दंडाधिकाऱ्यांचा आदेश आणलेला असणार. ते सील नुसतं बँकेचं नाही, त्यामागे सरकारी आदेश आहे. सामान तुमचं आहे, पण घराचा ताबा आज तुमचा नाही. रात्री कुलूप तोडलंत तर फौजदारी गुन्हा नोंदवला जाईल. आणि उद्या पाटल्या सापडल्या नाहीत, तर बँकेला उत्तर आयतं मिळेल: “घर तर यांनीच फोडलं होतं.” हातात असलेली खरी बाजू एका रात्रीत घालवू नका.

सहकारी बँकेला हा अधिकार नाही, असं सांगणाऱ्या गृहस्थांचा मुद्दा एके काळी खरोखर वादाचा होता. 2020 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने तो वाद मिटवला. खटला आपल्याच कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूडच्या सहकारी बँकेचा होता. सहकारी बँकांनाही सरफेसी लागू आहे, असा निकाल झाला. त्या मुद्द्यावर वकिलाची फी खर्च करू नका.

मग काय करायचं?

आजच्या आज एक अर्ज लिहा. बँकेच्या ‘प्राधिकृत अधिकाऱ्या’च्या नावाने. ताबा सूचनेखाली याच हुद्द्याची सही असते. ती सूचना तुमच्या दारावर चिकटवलेली असेल आणि ताब्यापासून सात दिवसांच्या आत दोन वर्तमानपत्रांत आलेली असायला हवी, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. शाखेतल्या कुणाशी किंवा वसुलीच्या पोराशी फोनवर बोलत बसण्यात दिवस घालवू नका. त्याच्या हातात काही नसतं, आणि तो बोलला त्याचा पुरावाही राहत नाही. अर्जाची भाषा साधी ठेवा. साधारण अशी:

“आपण दिनांक अमुक रोजी फ्लॅट क्रमांक अमुकचा प्रत्यक्ष ताबा घेतला. सदर फ्लॅटमध्ये आमच्या कुटुंबाच्या आणि त्रयस्थ व्यक्तींच्या, बँकेकडे तारण नसलेल्या, सोबतच्या यादीतील वस्तू आहेत. त्या आम्ही सोडून दिलेल्या नाहीत व त्यांवरील हक्क सोडलेला नाही. त्या ताब्यात घेण्यासाठी सात दिवसांच्या आत दिवस व वेळ लेखी कळवावी. औषधे, शैक्षणिक कागदपत्रे व दागिने यांसाठी तातडीने आजच प्रवेश द्यावा. ताब्याच्या वेळी केलेला पंचनामा व सामानाची यादी यांची प्रत द्यावी. तोपर्यंत सामान हलवू, विकू वा नष्ट करू नये. हा अर्ज आमच्या कायदेशीर हक्कांना बाधा न आणता केला आहे.”

दोन प्रती काढा. एक शाखेत नेऊन द्या आणि दुसरीवर आवक शिक्का, तारीख, सही घ्या. शिक्का द्यायला टाळाटाळ झाली तर वाद न घालता बाहेर पडा आणि पोचपावतीसह स्पीड पोस्टाने मुख्य कार्यालयाला पाठवा. ईमेलही करा. एक प्रत तहसीलदारांना द्या. पंचनाम्याची प्रत त्यांच्या कचेरीत असण्याची दाट शक्यता आहे. बँकेने दिली नाही, तर तिथे नकलेसाठी अर्ज करता येतो.

अर्जाला जोडायच्या यादीवर मात्र वेळ घालवा. एक संध्याकाळ बसा, सासूबाई आणि मुलगा दोघांना जवळ घ्या, आणि मनाने घरात शिरा. दारातून आत, खोलीखोलीने, कपाटाच्या एकेका खणाने. ‘भांडी’ असं लिहू नका. ‘स्टीलची पातेली झाकणासह 5, पितळी तांब्या 1, कुकर 3 लिटर 1’ असं लिहा. ‘दागिने’ लिहू नका. ‘मंगळसूत्र 1, दोन पदरी, अंदाजे वजन इतकं, पाटल्या 2, बेडरूममधल्या कपाटात, आतल्या कप्प्यात’ असं लिहा. सोनाराची पावती असेल तर तिची प्रत जोडा. नसेल तर दागिने अंगावर असलेला लग्नकार्यातला फोटो जोडा. मुलाच्या आणि नातेवाइकांच्या मोबाइलमध्ये घरातले वाढदिवसाचे, गणपतीचे फोटो असतीलच. त्यांत मागे कपाट दिसतं, मशीन दिसतं, देव्हारा दिसतो. ते फोटो आज पुरावा आहेत.

गिऱ्हाइकांच्या 14 ब्लाउजांची यादी वेगळ्या कागदावर करा. ते तर तुमचेही नाहीत. शिवायला दिलेलं कापड तुमच्याकडे विश्वासाने ठेवलेली दुसऱ्याची वस्तू आहे, आणि कर्जदाराचं देणं तिसऱ्याच माणसाच्या कापडातून वसूल होत नाही. शक्य असेल तर गिऱ्हाइकांकडून दोन ओळींचं पत्र घ्या: “हा ब्लाउज माझा आहे, मी शिवायला दिला होता.” हे मागायला तुम्हाला लाज वाटेल, मला माहीत आहे. पण त्या बायका आज तुमच्याबद्दल काय समजत असतील याचा विचार करा. त्यांना वाटत असेल, कापड घेऊन बाई गायब झाली. एक फोन केलात तर निदान खरं कळेल. त्या लग्नघराला तर आधी फोन करा. आणि त्यांतली एखादी स्वतः बँकेत येऊन उभी राहिली, तर अर्ज लवकर हलतो. हे मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूने पाहिलं आहे.

सासूबाईंच्या औषधांसाठी मात्र बँकेची वाट पाहू नका. डॉक्टरांकडून नवी चिठ्ठी घेऊन आजच आणा. रक्तदाबाची गोळी 19 दिवस चुकली असेल, तर नुसती गोळी सुरू करू नका, आधी दाखवा. दहावीची गुणपत्रिका डिजीलॉकरवर मिळते. मुलाला मोबाइलवर काढायला सांगा, बारावीच्या पुढच्या प्रवेशांसाठी खोळंबा होणार नाही. मूळ प्रत यादीत राहू द्या.

कोणत्या वस्तू ‘सामान’ आणि कोणत्या ‘घर’, यावरून त्या दिवशी दारात भांडण होतं, म्हणून तेही आधीच डोक्यात पक्कं असावं. भिंतीत बसवलेली कपाटं, ओटा, सिंक, खिडक्यांच्या जाळ्या, दारं हे घराचं अंग मानलं जातं. ते गहाणात गेलं, त्याचा नाद सोडा. नुसतं ठेवलेलं, उचलून नेता येणारं सगळं सामान तुमचं. मधे पंखे, गीझर, पाण्याचा फिल्टर असल्या वस्तू येतात. स्क्रू काढून भिंतीला इजा न करता निघतात, पण अधिकारी अडवू शकतात. त्या यादीत जरूर घाला, लेखी मागा. पण गीझरपायी पाटल्यांचा दिवस वाया घालवू नका.

बोलावणं आलं की टेम्पो आणि खोकी घेऊन जा, आणि कुटुंबाबाहेरची दोन माणसं बरोबर असू द्या. वीज तोडलेली असू शकते, दिवसाउजेडी जा, टॉर्च न्या. फ्रिजमधलं सगळं सडलेलं असेल, त्याची मनाची तयारी ठेवा. सील काढल्यापासून मोबाइलवर चित्रण सुरू करा. आधी दागिने आणि कागद, अधिकाऱ्यांसमोर मोजून. मग बाकीचं. शेवटी तुमच्यापुढे एक कागद येईल, बहुधा छापील: ‘सर्व सामान सुस्थितीत मिळाले, कोणतीही तक्रार नाही.’ ताई, दमलेल्या असाल, टेम्पोवाला घाई करत असेल, तरी तो कागद वाचल्याशिवाय सही करू नका. जे मिळालं नाही, ते सहीच्या वर हाताने लिहा: ‘यादीतील अमुक क्रमांकाच्या वस्तू मिळाल्या नाहीत.’ आणि ‘ताब्याविरुद्धचे हक्क राखून’ हे शब्दही घाला. सामान परत घेणं म्हणजे ताबा मान्य करणं नव्हे. तसं लिहून देण्याची गरज नाही.

सामान हलवण्याचा किंवा गोदामाचा खर्च बँक मागू शकते. रक्कम वाजवी वाटली, पावती मिळत असली तर त्यावर अडून बसू नका, असं माझं मत आहे. मात्र ‘खर्च’ म्हणून कर्जाचा हप्ताच मागितला जात असेल, तर ते लेखी मागा.

सात दिवसांत उत्तर आलं नाही तर? सरफेसी कायद्यात घरात राहिलेल्या, तारण नसलेल्या सामानासाठी वेगळं, सविस्तर कलम नाही. सगळी ओढाताण त्यामुळेच होते, आणि एवढ्या वर्षांत ही उणीव भरून निघायला हवी होती असं मला मनापासून वाटतं. पण वाट आहे. बँकेने उचललेल्या पावलाविरुद्ध कलम 17 खाली कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. तुमच्यासाठी ते पुण्यातच आहे. महाराष्ट्रात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरलाही आहेत. तिथे सामान परत देण्याचा अंतरिम आदेशही मागता येतो. साध्या दिवाणी न्यायालयात जाऊ नका, या कायद्याने त्याचे दरवाजे जवळजवळ बंद केले आहेत.

न्यायाधिकरणात जायची मुदत ताब्यापासून 45 दिवस. तुम्ही पत्र टाकलंत तेव्हा 26 उरले होते. रोज एक कमी होतो आहे.

वकिलाचे पैसे नाहीत, हे तुम्ही लिहिलं नाहीत तरी मला दिसतं. विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तिथे जा किंवा 15100 या क्रमांकावर फोन करा. अर्ज तुमच्या नावाने करा, पतीच्या नाही. वकिलाला दोन गोष्टी सांगा. एक, फ्लॅट दोघांच्या नावावर होता आणि तुम्ही सहकर्जदार आहात. दोन, ताब्याआधी बँकेने द्यायची साठ दिवसांची मागणी नोटीस तुमच्या हातात कधी पडलीच नाही. कर्जदार एकाहून जास्त असतील तर प्रत्येकाला नोटीस बजावावी लागते. बँक म्हणेल, पत्ता एकच, घरी पोचली. त्यावर काय निघेल ते मी सांगू शकत नाही, पण हा मुद्दा वकिलाच्या कानावर घातल्याशिवाय राहू नका.

रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडेही विनाशुल्क तक्रार करता येते. मोठ्या नागरी सहकारी बँका त्याच्या कक्षेत येतात. पण आधी बँकेकडे लेखी तक्रार करून 30 दिवस थांबावं लागतं. तुमच्या 45 दिवसांत ते बसत नाही. ही दुसरी फळी समजा, पहिली नव्हे.

सामान आणि घर हे दोन प्रश्न मनात वेगळे ठेवा. सामान मिळवायचं ते मिळवायचंच. घर सोडवायचं का, हा निर्णय थंड डोक्याने घ्या. लिलावाची जाहीर सूचना निघेपर्यंत सगळी थकबाकी खर्चासकट भरून घर सोडवता येतं. 2016 च्या दुरुस्तीनंतर ही मुदत अशी कमी झाली आहे. पूर्वी विक्री होईपर्यंत वेळ असे, आणि जुनी माहिती असलेली माणसं अजून तेच सांगतात. नातेवाइकांकडून उसने घेऊन, उरल्यासुरल्या पाटल्या मोडून घर वाचवायचं, आणि मग महिन्याचा हप्ता कशातून भरायचा, हे कागदावर मांडून बघा. जमत नसेल तर घर जाऊ द्यायला लागणं हा गुन्हा नाही. आणि लिलावात कर्ज व खर्चापेक्षा जास्त रक्कम आली, तर वरची रक्कम तुमची असते, बँकेची नव्हे. खात्याचा उतारा आणि लिलावाचा हिशेब लेखी मागा. मागितल्याशिवाय तो हातात येण्याची वाट पाहू नका.

तुमच्या पतीबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलंय: “त्यांनी नोटिसा लपवल्या हे मी त्यांना कधीच माफ करणार नाही.” माफ करा असं मी म्हणणार नाही, तो अधिकार माझा नाही. एवढंच सांगते की वसुलीत असताना मी ही गोष्ट इतक्या घरांत पाहिली की मोजणं सोडलं. दिवाणाखाली, गाडीच्या डिकीत, दुकानाच्या गल्ल्याखाली न फोडलेल्या नोटिसांचे गठ्ठे. धंदा बुडालेल्या माणसाला ते पाकीट उघडण्याची भीती वाटते, आणि त्या भीतीत तो बायकोला त्यातून वगळतो, वाचवतोय असं समजून. या आठवड्यात त्यांच्याकडून दुसरं काही मागू नका, ते गठ्ठे तेवढे मागा. त्यांतल्या तारखा वकिलाला लागणार आहेत.

हे वाचणाऱ्या आणखी काहींना स्वतःच्या घराचे हप्ते आठवत असतील. नोटीस आली असेल तर ती फोडा. कलम 13(2) च्या नोटिशीनंतर 60 दिवस असतात. त्या काळात लेखी आक्षेप घेतला तर बँकेला 15 दिवसांत लेखी उत्तर द्यावं लागतं. त्याच काळात दागिने आणि मूळ कागद विश्वासू माणसाकडे हलवा, घराचं खोलीवार चित्रण करून ठेवा, आणि ताब्याच्या दिवशी लाजेने बाहेर जाऊ नका. घरात थांबा, यादी आपल्यासमोर करून घ्या, ‘किरकोळ’ हा शब्द आला की थांबवा. गहाण घरात भाड्याने राहणाऱ्यांनी आपला नोंदणीकृत करार जपावा. भाडेकरूही न्यायाधिकरणात दाद मागू शकतो, आणि त्याचं सामान तर मालकाच्या कर्जाशी जोडलेलंही नसतं. लिलावात फ्लॅट घेतलेल्यांना आत कुणाचा संसार सापडला, तर तो भंगारवाल्याला देऊ नये. फोटो काढून बँकेला लेखी कळवावं. ‘जसे आहे जिथे आहे’ या अटीने तुम्ही फ्लॅट घेतला, त्यातल्या माणसांचे देव आणि फोटो नाही.

ताई, देव्हाऱ्याचं तुम्ही दोनदा लिहिलंय. देवांना इतके दिवस पाणी नाही, दिवा नाही, याने सासूबाई रात्री उठून बसतात असं लिहिलंत. सामान आणायला जाल त्या दिवशी त्यांना झेपत असेल तर बरोबर न्या. देव्हारा त्यांना स्वतः उतरवू द्या. अधिकारी थांबतील. मी असताना तरी आम्ही थांबायचो.

तुळशीचं तुम्ही अगदी शेवटी, कंसात लिहिलंय, जणू ते विचारणं योग्य नाही. एवढ्या दिवसांत ती वाळली असेल. तरीही यादीच्या शेवटच्या ओळीत तिची नोंद करा: तुळशीची कुंडी, मातीची, 1.